वीस दिवसांना एक

मराठी घरात भिंतीवरच्या कॅलेंडरला दोन कामं असतात. चतुर्थी कधी आहे ते सांगायचं आणि दुधाचे खाडे लक्षात ठेवायचे. ज्या दिवशी दूध आलं नाही, त्या चौकोनात फुली. महिनाअखेरीला फुल्या मोजायच्या आणि तेवढे पैसे कापून हिशेब द्यायचा. त्यात दूधवाल्यावर राग नसतो आणि कुणाचे उपकारही नसतात. दूध नाही तर पैसे नाहीत, इतकाच व्यवहार.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कंपनीत नव्याने लागलेल्या मुलाला वाटतं, आपलाही व्यवहार हाच. हजेरी लागली तर पगार, नाही लागली तर खाडा. गंगापूर, वैजापूर, कन्नड, पैठणकडून, पार बीड-परभणीकडून ही मुलं येतात. बजाजनगरला नाहीतर रांजणगाव शेणपुंजीला चौघांत मिळून एक खोली घेतात आणि घरी फोन करून 'कंपनीत लागलो' एवढंच सांगतात. जॉइनिंगच्या दिवशी एचआरच्या टेबलावर आठ-दहा कागदांवर सह्या होतात. त्यांतल्या एका पानावर रजेचे नियम असतात. ते पान वाचायला कुणी थांबत नाही, कारण मागे रांग असते आणि पुढे सेफ्टी ट्रेनिंग. या प्रकरणात आपण ते एक पान सावकाश वाचणार आहोत.

पहिला घोटाळा शब्दांचा. बोलताना आपण एकट्या 'सुट्टी'वर सगळं भागवतो. उद्या सुट्टी आहे, मी सुट्टी टाकली, तीन वाजता सुट्टी झाली. मस्टरवर मात्र यांचे खाने वेगळे. आठवड्याचा एक दिवस वीकली ऑफ. प्रजासत्ताक दिन किंवा दिवाळीची भरपगारी सुट्टी म्हणजे पीएच. सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं तर बदल्यात मिळणारा दिवस म्हणजे कॉम्प ऑफ, फ्लोअरवर नुसतं 'सीओ'. अचानक पाहुणे आले किंवा आजीला दवाखान्यात न्यायचं झालं की लागते ती सीएल. आणि ज्या रजेबद्दल हे प्रकरण आहे ती पीएल. कायद्याच्या पुस्तकात तिला वेतनासह वार्षिक रजा म्हणतात, सरकारी कचेरीत अर्जित रजा. यांपैकी काहीच शिल्लक नसेल तर उरतं 'विदाउट पे', म्हणजे सुटाबुटातला खाडा.

या सगळ्या शब्दांत मला 'अर्जित' सर्वांत प्रामाणिक वाटतो. अर्जित म्हणजे कमावलेली. पीएलमधल्या पी या अक्षराचा मूळ अर्थ खास सवलत असा आहे आणि त्या एका अक्षराने बरंच नुकसान केलं आहे. सवलत म्हटलं की देणाऱ्याची मर्जी आली. साहेबांनी 'दिली', असं आपण सहज बोलून जातो. कायद्याने ही रजा मर्जीवर ठेवलेली नाही. तुम्ही कामाचे वीस दिवस भरता तेव्हा एकविसावा दिवस तुमच्या खात्यावर जमा होत असतो.

पण हे इतकं सरळ व्हायला बराच काळ गेला. मुंबईच्या गिरण्यांमध्ये रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज, सभा आणि सह्यांचा रेटा लावला होता. तो विजय मोठाच होता. पण त्या रविवारचा पगार मिळत नव्हता. रोजावर काम करणाऱ्या माणसाला विश्रांती मिळाली आणि सोबत एका दिवसाचा खाडाही मिळाला. सुट्टी असावी हे एकदा पटलं, तरी ज्या दिवशी काम केलं नाही त्या दिवसाचे पैसे का द्यायचे, हा प्रश्न उरतोच. तो सुटायला अर्धं शतक लागलं. १९३६ साली फ्रान्समधल्या संपांनंतर तिथल्या कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने अशा रजेचा पहिला करार केला. आपल्याकडे फॅक्टरी कायद्यात ही तरतूद १९४५च्या दुरुस्तीने आली. बारा महिने सलग नोकरी केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवस. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं.

औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मात्र तो कायदा लागू नव्हता. शहर निजामाच्या राज्यात होतं आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे त्या सीमेपाशी थांबत. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हैदराबाद संस्थान भारतात आलं. दोन वर्षांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने याच शहरात महाविद्यालय सुरू केलं, तेच आजचं मिलिंद. मिलिंदच्या परिसरातून, नागसेनवनातून शिकून चिकलठाण्याच्या किंवा वाळूजच्या कंपनीत लागलेल्या किती जणांना ठाऊक असेल, की आपल्या पगारपावतीवरच्या पीएलच्या रकान्याचा एक धागा बाबासाहेबांपर्यंत जातो?

स्वतंत्र भारताचा फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८चा, लागू झाला १ एप्रिल १९४९ पासून. आज जुन्या कामगारांच्या तोंडी असलेलं सूत्र मात्र १९५४च्या दुरुस्तीचं आहे. कॅलेंडर वर्षात किमान २४० दिवस काम केलं, तर पुढच्या वर्षी कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा. वाळूजमध्ये बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, पुढे त्याच्या भोवती सुट्या भागांचे कारखाने वाढले, शेंद्र्यात मोटारी बनू लागल्या. या सगळ्या काळात हाच २४०चा आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून तो बदलला. त्या दिवशी चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि फॅक्टरी अ‍ॅक्टची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. लोक तिला नुसतं 'कोड' म्हणतात. कोडमध्ये २४०च्या जागी १८० दिवस आले. वीस दिवसांना एक हा दर तसाच राहिला. फॅक्टरीच असली पाहिजे ही अटही गेली. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला ही तरतूद लागू आहे, म्हणजे एमआयडीसीतल्या गल्लीत बारा जणांवर चालणारं जॉबवर्कचं शेडही त्यात आलं. एक सावधगिरी मात्र हवी. देखरेखीचं काम करणारा आणि महिन्याला १८,००० रुपयांच्या वर पगार घेणारा माणूस कोडच्या व्याख्येत 'कामगार' नाही. शर्टाच्या खिशाला पेन लागलं आणि हुद्दा सुपरवायझरचा झाला, की रजेसाठी नेमणूकपत्र आणि कंपनीची रजा पॉलिसी हेच पाहावं लागतं.

आता नव्या माणसाचा खरा प्रश्न. सगळेच काही १ जानेवारीला लागत नाहीत. ऑगस्टमध्ये लागलेल्याने डिसेंबरपर्यंत १८० दिवस भरायचे कसे? तेवढे दिवस वर्षात उरलेलेच नसतात. कायद्याला हे ठाऊक आहे. जुन्या अ‍ॅक्टमध्ये अशा माणसासाठी अट होती की वर्षाचे जेवढे दिवस उरले, त्यांच्या दोन तृतीयांश दिवस काम झालेलं असावं. कोडने ही अट बरीच सैल केली, आता एक चतुर्थांश पुरतात.

समजा, तुम्ही १ ऑगस्टला लागलात. वर्षाचे उरले १५३ दिवस. जुन्या हिशेबाने १०२ दिवस भरावे लागले असते, नव्या हिशेबाने ३९ दिवस भरले तरी पात्रता आली. वीकली ऑफ, सणांच्या सुट्ट्या आणि एक-दोन खाडे जाऊन तुमचे प्रत्यक्ष १२० दिवस भरले असं धरू. १२० भागिले २०, म्हणजे सहा दिवस. हे सहा दिवस १ जानेवारीपासून तुमच्या खात्यावर. भागाकारात अपूर्णांक आला तर अर्धा किंवा त्याहून जास्त असेल तो पूर्ण दिवस धरायचा, कमी असेल तो सोडायचा. १२८ दिवस भरले तर ६.४, म्हणजे सहाच. १३० भरले तर साडेसहा, म्हणजे सात. दोन खाडे कमी केले असते तर एक पीएल वाढली असती, हे ज्याला डिसेंबरात कळतं त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

यातली मेख अशी की पहिल्या वर्षाची रजा सहसा पहिल्या वर्षात वापरता येत नाही. आधी कमवायची, मग पुढच्या वर्षी खर्चायची. त्यामुळे ऑगस्टात लागलेल्याची पहिली दिवाळी कोरडी जाते. गावाकडे भाऊबीज असते, बहीण सासरहून आलेली असते आणि याच्याकडे पीएच सोडून काही नसतं. मग तो मधल्या दिवसांना विदाउट पे टाकतो किंवा सप्टेंबरपासूनच सीओ साठवत बसतो. काही कंपन्या समजूतदारपणे पहिल्या महिन्यापासूनच दीड-दीड दिवस खात्यावर टाकतात. कायद्यापेक्षा जास्त द्यायला कुणाची मनाई नाही. फक्त आगाऊ घेतलेली रजा नोकरी सोडताना हिशेबात वळती होते, हे तेव्हा लक्षात ठेवावं.

एकाच घरात दोन भाऊ असतील तर हा फरक फार डोळ्यांवर येतो. धाकटा वाळूजला, थोरला जिल्हाधिकारी कार्यालयात लिपिक. थोरल्याला महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू. त्याच्या खात्यावर १ जानेवारीला पंधरा आणि १ जुलैला पंधरा दिवस अर्जित रजा आगाऊ जमा होते. मधेच नोकरीला लागला असता तरी त्या सहामाहीच्या दर पूर्ण महिन्याला अडीच दिवस मिळाले असते. शिवाय वर्षाला वीस दिवस अर्धवेतनी रजा, आठ किरकोळ रजा आणि फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा. धाकटा वर्षभर एकही दिवस न चुकता गेला तरी त्याचे साधारण तीनशे दिवस भरतात आणि रजा होते पंधरा दिवस. आई दोघांनाही एकच विचारते, 'सुट्टी काढून कधी येतोस?'

गुलमंडीवरच्या किंवा निराला बाजारातल्या दुकानात, मॉलमध्ये, कुरियरच्या ऑफिसात लागलेल्यांसाठी कायदा तिसराच, २०१७चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा. तो झाला तेव्हा दहा किंवा अधिक कामगारांची मर्यादा होती. ही मर्यादा सरकार बदलत असतं, म्हणून ती त्या वेळी काय आहे ते पाहून घ्यावं. या कायद्यात २४० दिवसांची अट आणि वीस दिवसांना एक हा दर आहे, पण सोबत वर्षाला आठ सीएल आहेत. त्या तिमाहीला दोन अशा खात्यावर येतात आणि वर्ष संपलं की वाया जातात. नव्या माणसाला यातच खरा दिलासा. जुलैत काउंटरवर उभी राहिलेली मुलगी पीएलसाठी पुढच्या वर्षाची वाट पाहते, पण सीएलचे दोन दिवस त्याच तिमाहीत तिच्या हाताशी असतात. पीएल मात्र साठवता येते. दुकाने कायद्यात ४५ दिवसांपर्यंत, कोडमध्ये ३० दिवसांपर्यंत. कोडनुसार वर्षाअखेरीला कामगाराने मागितलं तर उरलेल्या रजेचे पैसेही द्यावे लागतात.

दुकाने कायद्यातच सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्याही आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी बसून ठरवायच्या. या चारांवरची चर्चा ऐकावी तर या शहरातच ऐकावी. दिवाळीवर कुणाचं दुमत नसतं. मग १४ एप्रिल, मग ईद, मग पोळा. पोळा हवाच, कारण फ्लोअरवरच्या निम्म्या लोकांच्या घरी बैल आहेत किंवा कालपरवापर्यंत होते. कुणी म्हणतं मुक्तिसंग्राम दिन, १७ सप्टेंबर. नवरात्रात कर्णपुऱ्याची यात्रा असते, आषाढीला वाळूजजवळच्या छोट्या पंढरपुरात गर्दी लोटते. मागण्या दहा, जागा चार. कारखान्यांमध्ये ही यादी युनियनच्या करारात ठरते आणि बरेचदा आठाहून मोठी असते. पण यादीत आपला सण नाही हे नव्या माणसाला सणाच्या आदल्या दिवशी कळतं, कारण नोटीस बोर्डावर ती जानेवारीतच लागलेली असते आणि तेव्हा तो नोकरीत नव्हता.

रजेत पगार किती मिळायचा, यावरही कापाकापी चालते. मी एक पगारपावती पाहिली आहे, कंपनीचं नाव इथे नको. तिच्यात रजेच्या सहा दिवसांचा पगार फक्त बेसिकवर काढला होता आणि बेसिक होतं एकूण पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. जुन्या फॅक्टरी अ‍ॅक्टचा नियम स्पष्ट होता. रजेच्या आधीच्या महिन्यात पूर्ण वेळ काम केलेल्या दिवसांची सरासरी रोजची कमाई, महागाई भत्ता धरून. वगळायचा तो ओव्हरटाइम आणि बोनस. कोडमध्ये 'वेतन' या शब्दाची व्याख्या वेगळी केली आहे. घरभाड्यासारखे काही भत्ते त्यातून बाहेर ठेवता येतात, पण अशा वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरचा भाग परत वेतनात धरावा लागतो. म्हणजे बेसिक मुद्दाम बारीक ठेवून रजेचा पगार उतरवण्याची युक्ती आता निम्म्यापाशी अडते.

दुसरी युक्ती 'सँडविच'. शनिवारी आणि सोमवारी रजा टाकली तर मधला रविवारही रजेत धरायचा. एचआरचे लोक हे इतक्या खात्रीने सांगतात की नव्या मुलाला तो निसर्गनियम वाटतो. या वार्षिक रजेपुरतं कायद्याचं म्हणणं नेमकं उलटं आहे. रजेच्या मधे किंवा तिच्या कुठल्याही टोकाला येणारी सुट्टी रजेत मोजायची नाही, हे जुन्या अ‍ॅक्टमध्येही होतं आणि कोडमध्येही आहे. साप्ताहिक सुट्टी प्रत्येक कंपनीत रविवारीच असते असं नाही, पण ज्या वारी असेल तो वार तुमच्या पीएलमधून जाता कामा नये.

आता सर्वांत कमी ठाऊक असलेली गोष्ट, आणि माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची.

'ब्रेक' हा शब्द या शहरातल्या प्रत्येक तरुण कामगाराला कळतो. ठेकेदाराकडून किंवा टेम्पररी म्हणून लागलेल्या मुलाला सहा-सात महिने झाले की थांबवतात. पंधरा-वीस दिवस, महिनाभर घरी. मग कधी त्याच गेटवर नव्या नावाने, नव्या ठेकेदाराकडून परत. कारण २४०चा दुसरा अर्थ. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की औद्योगिक विवाद कायद्यात वर्षाची सलग नोकरी धरली जाई, आणि महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत टेम्पररी माणूस परमनंट होण्याचा दरवाजा उघडे. हे दोन २४० वेगळे होते, हे लक्षात घ्यावं. सलग नोकरीच्या २४०मध्ये रविवार आणि भरपगारी सुट्ट्याही धराव्या लागतात, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली अमेरिकन एक्स्प्रेसच्या कामगारांच्या खटल्यात सांगितलं. रजेचा हिशेब मात्र प्रत्यक्ष केलेल्या कामाच्या दिवसांवर चालतो. पण मुलांच्या मनात दोन्ही एक झाले. २४० भरले नाहीत, म्हणून परमनंट नाही. २४० भरले नाहीत, म्हणून पीएलही नाही. ब्रेक मिळालेला मुलगा शेवटचा पगार घेतो आणि बॅग भरतो.

यातलं पीएलबद्दलचं वाक्य चुकीचं आहे. फॅक्टरी अ‍ॅक्टच्या ७९व्या कलमातच लिहिलेलं होतं, आणि कोडने ते कायम ठेवलं, की वर्षाच्या मधेच कामगाराला काढलं, त्याने स्वतः सोडलं, तो निवृत्त झाला किंवा वारला, तर तोवरच्या कामावर त्याच दराने रजेचे पैसे द्यायचे. पात्रतेचे दिवस पूर्ण झाले नसले तरी. किमान दिवसांची अट रजा उपभोगण्यासाठी आहे, रजेचे पैसे बुडवण्यासाठी नाही.

सात महिन्यांत १७५ दिवस भरले असतील तर १७५ भागिले २० म्हणजे ८.७५, धरायचे नऊ दिवस. रोजचे ६०० रुपये पडत असतील तर ५,४०० रुपये. रांजणगावच्या खोलीच्या त्याच्या वाट्याच्या भाड्याचे कित्येक महिने त्यात निघतात. जानेवारीपासून मार्चपर्यंत ७५ दिवस करून सोडलं तरी ३.७५, म्हणजे चार दिवस, शिवाय आधीच्या वर्षाची न वापरलेली रजा. ही रक्कम सोडल्यापासून दोन कामाच्या दिवसांत द्यायची असते. ठेकेदाराने वेतन दिलं नाही तर मूळ कंपनीने ते द्यावं आणि ठेकेदाराकडून वसूल करावं, हा नियम १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. प्रत्यक्षात फुल अँड फायनलच्या कागदावर 'पीएल' समोर शून्य लिहिलेलं असतं आणि मुलगा सही करतो, कारण सही केल्याशिवाय चेक मिळत नाही.

तुकड्या-तुकड्यांच्या नोकरीमुळे रजा बुडणं हा काही फक्त आपला आजार नाही. ब्रिटनमध्ये १९९८च्या नियमांत एकाच मालकाकडे सलग तेरा आठवडे झाल्याशिवाय भरपगारी रजेचा हक्क नव्हता. चित्रपट, दूरचित्रवाणी आणि नाटकातल्या तंत्रज्ञांना कामं मिळत तीच तेरा आठवड्यांहून कमी मुदतीची. वर्षभर राबूनही त्यांच्या वाट्याला रजा नाही. बेक्टू ही त्यांची युनियन न्यायालयात गेली आणि जून २००१ मध्ये युरोपीय न्यायालयाने तेरा आठवड्यांची अटच रद्द ठरवली. आता तिथे रजा पहिल्या दिवसापासून साठते, पहिल्या वर्षी दर महिन्याला बारावा हिस्सा, आणि वर्षाला एकूण ५.६ आठवडे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७०च्या करारातही किमान तीन आठवडे रजा आणि पात्रतेसाठी जास्तीत जास्त सहा महिने अशी मर्यादा आहे. आपली १८० दिवसांची अट त्या सहा महिन्यांच्या जवळ आली, एवढं म्हणता येईल. पंधरा दिवस आणि तीन आठवडे यांतलं अंतर तसंच आहे.

आजारपणाबद्दल थोडक्यात. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतं आणि तुमच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो. औषधोपचार नोकरीला लागल्यापासूनच मिळतात. आजारी रजेचे पैसे, म्हणजे सरासरी रोजाच्या ७० टक्के आणि वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, हे मात्र नव्या माणसाला लगेच मिळत नाहीत. पहिला लाभकाळ सुरू व्हायला नऊ महिने जातात. पहिल्या पावसाळ्यात डेंग्यू झाला तर इलाज फुकट आणि खाडे स्वतःचे, असा हिशेब पडतो. बाळंतपणाच्या रजेसाठी बाईने प्रसूतीच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की पुरतं. ती रजा २६ आठवड्यांची, तिसऱ्या अपत्यापासून बारा. अ‍ॅप्रेंटिसची गोष्ट निराळी. १९६१चा कायदा त्याला कामगार मानतच नाही, शिकाऊ मानतो, त्यामुळे वीस दिवसांना एक हे सूत्र त्याला लागत नाही. आयटीआयनंतरचं ते वर्ष कंपनी देईल त्या सुट्ट्यांवर काढावं लागतं.

हे सगळे आकडे शेवटी येऊन टेकतात ते हजेरीवर. मस्टर कंपनीकडे, पंचिंगची नोंद कंपनीच्या मशिनमध्ये, रजेचं रजिस्टर टाइम ऑफिसात. वाद झालाच आणि प्रकरण कामगार उपायुक्तांकडे किंवा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे गेलं, तर पहिला प्रश्न 'किती दिवस काम केलं?' हाच येतो. म्हणून खोलीतल्या कॅलेंडरवर खुणा कराव्यात. घरी दूध न आलेल्या दिवसावर फुली मारतात, इथे कामावर गेलेल्या दिवसावर बरोबरची खूण करायची. पगारपावतीचा आणि पंचिंग अ‍ॅपचा फोटो महिन्याला एकदा स्वतःच्या मोबाइलवर घ्यायचा. ठेकेदार बदलला की जुन्याकडून हिशेबाचा कागद मागायचा, तोंडी 'बघू' चालवून घ्यायचं नाही. नेमणूकपत्र तर आता कोडनेच सक्तीचं केलं आहे. ते हातात आलं की चार गोष्टी बोट ठेवून विचाराव्यात. रजेचं वर्ष जानेवारीचं की एप्रिलचं? पीएल आधी जमा होते की नंतर? सीएल आहेत का, आणि किती? आणि सोडताना उरलेली रजा कशी मिळते? रांगेतल्या मागच्याने कुरकुर केली तर करू द्यावी, त्यालाही ही उत्तरं लागणारच आहेत.

त्याच गठ्ठ्यात वारसाच्या नावाचेही एक-दोन कागद असतात. काम करत असताना माणूस गेला तर त्याच्या साठलेल्या रजेचे पैसे वारसाला दोन महिन्यांच्या आत द्यायचे असतात. बाविसाव्या वर्षी हा रकाना भरताना पोरं आधी हसतात, शेजारच्याला कोपर मारतात. मग आईचं नाव लिहितात आणि विचारतात, 'सर, आधारवर आहे तेच लिहू का, घरी म्हणतात ते?'